डोसिमेट्रीत यायचंय? आधी स्वतःची मार्कशीट काढा

बारावीचे आणि बी.एस्सी.चे निकाल लागले की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. मेडिकल डोसिमेट्रीचा कोर्स मुंबईत कुठे आहे, फी किती, नोकरी लागते का? मुलांनी नेटवर शोधलेलं असतं आणि जे सापडलेलं असतं ते बहुतेक अमेरिकेतलं असतं. तिकडे डोसिमेट्रिस्ट हा स्वतंत्र पेशा आहे. त्याचं शिक्षण वेगळं, परीक्षा वेगळी. आपल्याकडे काम तेच आहे, पण त्या नावाची खुर्ची फार थोड्या रुग्णालयांत आहे. कर्करोगाच्या रुग्णाला रेडिएशन किती द्यायचं, कोणत्या कोनातून द्यायचं, शेजारचे अवयव कसे वाचवायचे याचा आराखडा इथे मुख्यतः मेडिकल फिजिसिस्ट करतो. काही विभागांत अनुभवी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट त्याच्या देखरेखीखाली करतात.

म्हणून ‘डोसिमेट्रीचा कोर्स’ शोधत बसू नका. आज तुमच्या हातात कोणती पदवी आहे, त्या पदवीवर प्लॅनिंगच्या खोलीत कोणत्या दाराने शिरता येतं, ते शोधा. बाकी सगळं त्यावरून ठरतं.

कायद्यात मात्र हे नाव आलं आहे. संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा राष्ट्रीय आयोग ज्या कायद्याने झाला, त्या २०२१च्या कायद्याच्या परिशिष्टात मेडिकल फिजिसिस्ट, रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट यांच्या बरोबरीने डोसिमेट्रिस्ट अशी वेगळी ओळ आहे. पुढेमागे पदंही निघतील. पण परिशिष्टातल्या ओळीवर कोणी नोकरी देत नाही, तेव्हा तेवढ्यावर विसंबून लाखभर रुपये फी भरू नका.

पहिली पायरी: काम डोळ्यांनी बघा

कॉलेजच्या विभागप्रमुखांचं पत्र घेऊन एखाद्या रुग्णालयाच्या रेडिएशन विभागात जा आणि दोन-तीन तास प्लॅनिंग रूममध्ये बसायची परवानगी मागा. सगळे हो म्हणणार नाहीत, पण रीतसर पत्र असेल तर कोणीतरी म्हणतंच.

तिथे दिसेल ते साधारण असं. रुग्णाचा सीटी स्कॅन उपचाराच्याच स्थितीत, हालचाल होऊ नये म्हणून बसवलेल्या साच्यासकट काढलेला असतो. डॉक्टर त्या स्कॅनवर, कापागणिक, गाठ आणि तिच्या भोवतीचा धोक्याचा भाग रेखतात. शेजारचे नाजूक अवयवही रेखले जातात. मग तो स्कॅन प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरवर येतो. विभागात त्याला टीपीएस म्हणतात. एक्लिप्स, मोनॅको, रेस्टेशन ही नेहमीची नावं.

आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण भरपूर, त्यामुळे नवख्याला सगळ्यात आधी हीच केस बघायला मिळण्याची शक्यता जास्त. समजा डॉक्टरांनी ३५ बैठकांत ७० ग्रे (ग्रे म्हणजे डोसचं एकक) लिहून दिले आहेत. गाठीला ७० पोहोचले पाहिजेत, पण दोन-चार सेंटिमीटरवरच्या मज्जारज्जूला ४५च्या वर जाऊ द्यायचं नाही. कानाखालच्या लाळग्रंथींना सरासरी २६च्या आसपास ठेवायचं, नाहीतर उपचार संपल्यावरही माणसाला पाण्याशिवाय पोळीचा तुकडा गिळता येत नाही. हे सगळं एकदम साधत नाही. तोकड्या पांघरुणासारखं असतं, डोक्यावर ओढलं की पाय उघडे पडतात. लाळग्रंथी वाचवायला गेलं की गाठीच्या कडेला डोस कमी पडतो, तो भरून काढायला गेलं की जबड्याच्या हाडात नको तिथे जास्त डोसचा लाल ठिपका उठतो. मग अटींचे आकडे बदला, सॉफ्टवेअरला पुन्हा ऑप्टिमायझेशनला लावा, डीव्हीएचचा आलेख (कोणत्या अवयवाच्या किती भागाला किती डोस गेला ते दाखवणारा) बघा, पुन्हा बदला. डॉक्टर येऊन म्हणतात, ‘डाव्या बाजूची ग्रंथी सोडून द्या, तिथे गाठ चिकटलेली आहे, उजवी मात्र वाचवा.’ पुन्हा पहिल्यापासून.

आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोच रुग्ण मशीनवरून परत येतो. गिळता येत नाही म्हणून वजन उतरलेलं असतं, चेहऱ्यावरचा प्लास्टिकचा साचा (आमच्याकडे सगळे त्याला ऑर्फिटच म्हणतात) सैल झालेला असतो, गाल आणि साचा यांच्यात बोट जातं. टेक्नॉलॉजिस्टच्या हे आधी लक्षात येतं, कारण तो रुग्णाला रोज बघतो. मग नवा साचा, नवा सीटी, नवा प्लॅन, आणि तोही उद्याच्या बैठकीच्या आत.

हे बघून कंटाळा आला तर हा रस्ता सोडा, त्यात कमीपणा काही नाही. दिवसातले सात-आठ तास पडद्यासमोर, फिजिक्स आणि शरीररचना दोन्हीत रस, आणि ‘चालेल’ व ‘चांगलं’ यांतला फरक कळेपर्यंत बसायची चिकाटी, एवढं लागतं.

दुसरी पायरी: आपलं दार ओळखा

तुम्ही एम.एस्सी. फिजिक्स आहात किंवा होणार आहात, तर तुमच्या घराजवळच देशातला सगळ्यात जुना रस्ता आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका, म्हणजे ‘डिप आर.पी.’, १९६२ पासून चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने ती सुरू झाली. आता पदविका होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची मिळते. एक वर्षाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, जागा मोजक्या, देशभरातून अर्ज. बी.एस्सी. आणि एम.एस्सी. दोन्हींत ६० टक्क्यांची अट जाहिरातीत असते, आणि घात होतो तो बहुधा बी.एस्सी.च्या जुन्या गुणांपायी. एम.एस्सी.ला ६८ टक्के असलेली मुलं पहिल्या पदवीच्या ५७ टक्क्यांवर अडकतात. म्हणून वर म्हटलं, आधी मार्कशीट काढा. प्रवेश मिळाला तर माझ्या मते दुसरा विचार करू नये.

बी.एस्सी.ला फिजिक्स मुख्य विषय होता, पण एम.एस्सी. अजून झालं नाही, तर दोन पर्याय. एक, साधं एम.एस्सी. फिजिक्स करून वरच्या पदविकेला बसणं. दुसरा, थेट दोन वर्षांचं एम.एस्सी. मेडिकल फिजिक्स. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात ते आहे. बाहेर चेन्नईचं अण्णा विद्यापीठ, मणिपाल, हैदराबादचं उस्मानिया, चंडीगढचं पंजाब विद्यापीठ ही परिचित नावं. पहिला रस्ता लांबचा वाटतो, पण त्यात एक सोय आहे. पदविकेला प्रवेश नाहीच मिळाला तरी साध्या एम.एस्सी.वर प्राध्यापकी, नेट-सेट, संशोधन हे मार्ग खुले राहतात. एम.एस्सी. मेडिकल फिजिक्स केलेल्याला रुग्णालयाबाहेर फारशी मागणी नसते. ज्यांचं मन अजून डळमळीत आहे त्यांना मी साधं एम.एस्सी.च सुचवतो.

बारावी विज्ञान झाली आहे आणि चार वर्षांत कमवायला लागायचं आहे, तर रेडिओथेरपी टेक्नॉलॉजी. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बी.पी.एम.टी. या पॅरामेडिकल पदवी अभ्यासक्रमात रेडिओथेरपीची शाखा आहे, शिवाय इतर विद्यापीठांचे बी.एस्सी. रेडिओथेरपी टेक्नॉलॉजी आहेत. हा माणूस रुग्णाला मशीनवर रोज अचूक त्याच जागी झोपवतो, प्रतिमा जुळवून बघतो, बीम चालू करतो. प्लॅनिंग शिकायची संधी काही विभागांत मिळते, काहींत अजिबात मिळत नाही. आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या: मशीनवर दहा वर्षं काढली म्हणून टेक्नॉलॉजिस्टचा मेडिकल फिजिसिस्ट होत नाही. त्यासाठी पदवीपासूनचं फिजिक्स लागतं. ज्यांना शेवटी प्लॅनिंगच करायचं आहे आणि गणिताची भीती नाही, त्यांनी बारावीनंतर बी.एस्सी. फिजिक्सच घ्यावं.

रेडिओग्राफी, म्हणजे एक्स-रे आणि सीटीचा कोर्स, हा रेडिओथेरपीचा कोर्स नव्हे. नावं शेजारी-शेजारी असतात आणि प्रवेशाच्या गर्दीत पालक दुसराच फॉर्म भरून मोकळे होतात. बायोटेक, मायक्रोबायॉलॉजी केलेल्यांना यांतलं एकही दार सरळ उघडत नाही. इंजिनिअर असाल तर एईआरबीच्या (या क्षेत्राची नियामक संस्था, तिच्याबद्दल पुढे) पात्रतेची ओळ शब्दशः वाचा, तिथे फिजिक्स मुख्य विषय असलेली विज्ञानाची पदवी म्हटलेलं आहे.

तिसरी पायरी: कॉलेजला नव्हे, एईआरबीला विचारा

भारतात रेडिएशनच्या कामाला कोण पात्र हे अणुऊर्जा नियामक परिषद, म्हणजे एईआरबी ठरवते. १९८३ साली स्थापन झालेली ही संस्था मुंबईत, आपल्या अणुशक्तीनगरातच आहे. रेडिओथेरपी विभाग चालवायचा तर पात्र मेडिकल फिजिसिस्ट, पात्र टेक्नॉलॉजिस्ट आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसर असलेच पाहिजेत, नाहीतर मशीनला परवाना मिळत नाही. या क्षेत्रात नोकऱ्या आहेत त्या मुख्यतः या नियमामुळे. आणि म्हणूनच एईआरबीच्या चौकटीत न बसणारं प्रमाणपत्र, ते कितीही गुळगुळीत कागदावर छापलेलं असो, रुग्णालयाच्या उपयोगाचं नसतं.

अशी प्रमाणपत्रं विकली जातात. ‘डोसिमेट्री अँड रेडिएशन प्लॅनिंग’ असं भारदस्त नाव, सहा महिने, ऑनलाइन, शंभर टक्के प्लेसमेंट. प्रवेश घेण्याआधी विचारा: संस्थेच्या आवारात किंवा लेखी करार असलेल्या रुग्णालयात लिनॅक, म्हणजे रेडिएशन देणारं मशीन, आहे का? शिकवणाऱ्यांत काम करणारे मेडिकल फिजिसिस्ट किती? मागच्या तुकडीला इंटर्नशिप कुठे मिळाली, आणि त्यांतल्या कोणाचा फोन नंबर देता का? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर चहा पिऊन उठावं.

चौथी पायरी: इंटर्नशिप, खरी अडचण इथे आहे

मेडिकल फिजिसिस्ट म्हणून पात्र ठरायला पदव्युत्तर पदवी किंवा पदविका पुरत नाही. त्यानंतर सुसज्ज रेडिएशन विभागात किमान १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते. जागा विद्यार्थ्यांपेक्षा कमी, स्टायपेंड काही ठिकाणी बरं, काही ठिकाणी नावापुरतं, काही ठिकाणी उलट इंटर्नकडूनच पैसे घेतले जातात. मुंबईत भाड्याने राहून नावापुरत्या स्टायपेंडवर वर्ष काढणं काय असतं ते वेगळं सांगायला नको. पनवेल किंवा बदलापूरकडे खोली घेऊन लोक दिवस काढतात. म्हणून कोर्सचा खर्च मांडताना हे वाढीव वर्ष धरूनच मांडा, आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता त्याच्या आधी सुरू होणार नाही याची बँकेकडून लेखी खात्री घ्या.

अर्ज शेवटच्या सत्रापर्यंत थांबवू नका. तिसऱ्या सत्रातच पत्रं पाठवायला लागा. जागा निवडताना रुग्णालयाच्या नावाला भुलू नका. मोठ्या नावाच्या ठिकाणी पाच इंटर्न एकाच टर्मिनलभोवती उभे असतील, तर रोज दोन प्लॅन स्वतः करायला देणारं मध्यम रुग्णालय बरं. ब्रॅकीथेरपी आहे का ते बघा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात आतून दिल्या जाणाऱ्या या उपचारात इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी स्रोत वापरतात. त्याची अर्धायु जवळपास ७४ दिवस, त्यामुळे स्रोत दर काही महिन्यांनी बदलावा लागतो. नवा स्रोत आला की त्याची ताकद मोजायची, कागदपत्रं करायची, जुना परत पाठवायचा. हे एकदा स्वतःच्या हाताने झालं पाहिजे. तसंच सकाळी रुग्ण येण्याआधीची मशीनची तपासणी, पाण्याच्या फँटममध्ये (शरीराऐवजी वापरायच्या टाकीत) आयन चेंबर हे डोस मोजायचं उपकरण बुडवून घेतलेलं मशीनचं आउटपुट, गुंतागुंतीच्या प्लॅनची प्रत्यक्ष मशीनवर पडताळणी. मुलाखतीत प्रश्न यावरच येतात. केलेल्या प्रत्येक केसची तारीखवार नोंद वहीत ठेवा, रुग्णाचं नाव न लिहिता, आणि दर आठवड्याला वरिष्ठांची सही घ्या. शेवटच्या आठवड्यात सगळ्या सह्या मागायला गेलात तर साहेब रजेवर असतात.

पाचवी पायरी: आर.एस.ओ.

रेडिओथेरपीसाठी रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची तिसऱ्या पातळीची पात्रता लागते. तिची परीक्षा भाभा अणुसंशोधन केंद्रातर्फे होते. ती उत्तीर्ण झालात म्हणजे तुम्ही पात्र झालात, नेमले गेला नाहीत. नेमणूक रुग्णालय करतं, एईआरबीच्या ई-लोरा पोर्टलवर नामनिर्देशन पाठवतं, आणि मंजुरी त्या संस्थेपुरतीच असते. नोकरी बदलली की पुन्हा नवी. जाहिरातीत ‘आर.एस.ओ. पात्र उमेदवारास प्राधान्य’ असं असतं, प्रत्यक्षात ते प्राधान्य नसून जवळजवळ अटच असते.

नोकरी कुठे, किती

मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आणि खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचंच संशोधन केंद्र) ही सगळ्यांच्या तोंडी असलेली दोन नावं. ॲक्ट्रेकमध्ये आता प्रोटॉन उपचारही चालतात. टाटा मेमोरियल केंद्राची रुग्णालयं वाराणसी, गुवाहाटी, संगरूर, विशाखापट्टणम अशी बाहेरही पसरली आहेत, तेव्हा त्यांच्या जाहिरातीवर अर्ज करताना कामाचं ठिकाण कोणतं ते आधी वाचा. मेडिकल फिजिसिस्टचं सुरुवातीचं पद तिथे लेव्हल १०चं, म्हणजे मूळ पगार ५६,१०० आणि वर भत्ते. खासगीत सुरुवात बहुधा याहून खाली होते आणि पुढची वाढ घासाघीस करणाऱ्याच्या जिभेवर असते.

पहिली नोकरी मुंबईतच हवी हा हट्ट धरू नका. इथे अनुभवी माणसं भरपूर आहेत आणि मोठ्या विभागात नवख्याच्या वाट्याला वर्षानुवर्षं एकाच प्रकारचे प्लॅन येतात. नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथे एका लिनॅकमागे दोन-तीनच माणसं असतात, सगळं तुम्हालाच करावं लागतं, आणि तीन वर्षांत हात तयार होतो. मग परत यायला कोणी अडवत नाही. रुग्णालयाबाहेर मशीन आणि सॉफ्टवेअरच्या कंपन्या ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट, म्हणजे रुग्णालयांना ते वापरायला शिकवणारी माणसं, घेतात. तिथे फिरती खूप, पगार बरा, पण दोन-चार वर्षं विभागात काढलेल्यालाच विचारतात.

सॉफ्टवेअर आपणहून अवयव रेखायला लागलंय, प्लॅनही सुचवतंय, मग माणसं लागतील का? हे मला हल्ली फार विचारतात. रेखण्याचं कष्टाचं काम कमी झालंय हे खरं. पण दुसरीकडे उपचारांच्या बैठका कमी होत चालल्या आहेत. स्तनाच्या कर्करोगाला पूर्वी २५ बैठका असायच्या, आता बऱ्याच ठिकाणी १५, काही रुग्णांना पाचच. म्हणजे त्याच मशीनवर वर्षाकाठी जास्त रुग्ण बसतात आणि तितके जास्त प्लॅन तपासावे लागतात. नुसतं बटण दाबणाऱ्याचं काम जाईल. सॉफ्टवेअरने अन्ननलिका दोन कापांत चुकीची रेखली आहे हे ज्याला दिसतं, त्याचं जाणार नाही.

परदेश

अमेरिकेत सर्टिफाइड मेडिकल डोसिमेट्रिस्ट व्हायचं तर २०१७ पासून नियम कडक आहेत. पदवी हवी, आणि वर तिथल्या मान्यताप्राप्त यादीतला किमान १२ महिन्यांचा डोसिमेट्रीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला हवा. नुसत्या भारतातल्या अनुभवावर परीक्षेला बसता येत नाही. या अभ्यासक्रमांना जागा कमी असतात, आणि काही ठिकाणी तिथली रेडिएशन थेरपीची नोंदणीच मागतात. फिजिसिस्टची वाट त्याहून अरुंद आहे: २०१४ पासून तिथल्या रेडिओलॉजी बोर्डाच्या परीक्षेला तिथलीच मान्यताप्राप्त रेसिडेन्सी (रुग्णालयातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण) लागते. आखाती देशांत मात्र आपली माणसं बरीच आहेत. तिथे इथली पदवी, इथला अनुभव चालतो, फक्त कागदपत्रांची पडताळणी महिनोन्महिने रेंगाळते. रुग्णालय सोडताना अनुभवाच्या दाखल्यात मशीनचं मॉडेल, तंत्रं आणि कालावधी स्पष्ट लिहून घ्या. ‘काम समाधानकारक होते’ एवढ्याच ओळीचा दाखला तिथे कोणी विचारात घेत नाही.

घरच्यांच्या प्रश्नासाठी

‘रेडिएशनमध्ये काम म्हणजे मुलं होतील ना?’ हा प्रश्न आई-काकू विचारतातच, लग्नाच्या बोलण्यात तर नक्की. प्लॅनिंगचं काम संगणकावर चालतं, तिथे रेडिएशन नसतं. लिनॅक बंद असताना त्यातून किरण येत नाहीत, चालू असताना जाड भिंतींच्या आत फक्त रुग्ण असतो. ब्रॅकीथेरपीच्या स्रोताशी आणि कोबाल्ट मशीनशी वागताना काळजी घ्यावी लागते, त्याची शिस्त शिकवतात. प्रत्येकाच्या छातीवर त्याला मिळालेलं रेडिएशन मोजणारा टीएलडी बॅज असतो, तो दर तिमाहीला तपासला जातो. कर्मचाऱ्यांसाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या रेडिएशनचं एकक), आणि कोणत्याही एका वर्षात ३०च्या वर नाही. नोकरीच्या ठिकाणी बॅज तुमच्या नावाने आला आहे का, मागचे अहवाल दाखवतात का, हे रुजू होण्याच्या दिवशीच बघा. आणि बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून मशीनवर जाणारे सहकारी भेटले, तर त्यांच्याकडून बाकी काम शिका, ही सवय सोडून.